गुरुवारचे चिंतन : आवाज केला म्हणून अण्णा गेले का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥





गुरुवारच्या लेखाची सेवा दोन महिन्यांपूर्वीच आमच्याकडे होती, पण घरात सुतक असल्याने ती पुढे गेली. आपण सर्वांनी फोन करून, निरोप पाठवून धीर दिलात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आज लिहायला बसलो आहोत ते त्याच दिवसांतली एक गोष्ट सांगायला. चूक आमच्या हातून झाली. ती लपवण्यापेक्षा परिवारात सांगितली तर आणखी चार घरांत टळेल, असं वाटलं.

आमचे मामंजी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, वयाच्या 84 व्या वर्षी गेले. फुप्फुसात संसर्ग झाला होता. सहा दिवस दवाखान्यात होते, सातव्या दिवशी पहाटे गेले. आमच्या घरात साडेचार वर्षांचा नातू आहे. अण्णांची आणि त्याची भारी गट्टी. पण अण्णा दुपारी दोन ते चार आडवे व्हायचे आणि नेमका तेव्हाच नातवाचा स्टीलचा डबा आणि चमचा बाहेर निघायचा. त्याच्या दृष्टीने तो ढोल. “हळू रे, अण्णांना त्रास होतो” हे वाक्य आम्ही दिवसातून दहादा म्हणायचो. एके दुपारी त्याच्या हातून चमचा काढून घेतला तेव्हा तो चिडून ओरडला, “मग अण्णांनाच जाऊ दे ना इथून!” त्यानंतर चौथ्या दिवशी अण्णांना ॲडमिट केलं. त्याचं ते बोलणं आम्ही विसरूनही गेलो. तो विसरला नव्हता.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. सगळे अण्णांच्या आठवणी काढत होते आणि हा मध्ये येऊन मोठ्याने म्हणाला, “आता अण्णांची आरामखुर्ची माझी ना?” एकदम शांतता पसरली. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, “बघा, एवढासा आहे आणि वाटणी मागतोय! हल्लीची मुलं स्वार्थीच.” आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला दंडाला धरून आत नेलं आणि विचारलं, “लाज नाही वाटत तुला?” बालसंस्कार वर्ग घेणाऱ्या आम्ही, साडेचार वर्षांच्या मुलाला लाजेबद्दल विचारत होतो.

त्या दिवसापासून पोरगं एकदम शहाणं झालं. टाचा उचलून चालायचं, दार अलगद लावायचं, डबा आपणहून कपाटात ठेवला. आम्हाला बरंच वाटलं. एकमेकींना म्हणालोसुद्धा, बोललं की कळतं बरं मुलांना.

तीन आठवड्यांनी एका रात्री झोपताना त्याने सूनबाईच्या कानात विचारलं, “आई, मी आता अजिबात आवाज करत नाही. अण्णा परत कधी येणार?”

सूनबाई स्वयंपाकघरात आली, ओट्याला धरून उभी राहिली आणि हे आम्हाला सांगितलं. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचा अर्थ नीट समजून घेऊ. एक लहान मूल तीन आठवडे मनात धरून होतं की आपण डबा वाजवला, आपण ‘जाऊ दे’ म्हणालो, म्हणून अण्णा गेले. ते प्रायश्चित्त घेत होतं. आणि आम्ही त्याला शहाणपणाचं शिफारसपत्र देत होतो.

खरं तर आम्हाला हे कळायला हवं होतं. आम्ही कॉलेजात होमसायन्स केलं, बालविकास हा विषय होता. त्यात जाँ पियाजे यांच्यावर हमखास प्रश्न यायचा. उत्तर पाठ होतं, मार्क मिळाले, आणि ते ज्ञान घरी आणायचं राहून गेलं. त्या रात्री ते पुन्हा आठवलं, ते आपल्यालाही सांगतो.

पियाजे हे स्वित्झर्लंडचे. जन्म 1896 चा, नूशातेल गावचा. तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांचं काम त्यांच्याकडे होतं. बरोबर किती, चूक किती, एवढंच मोजायचं. पण त्यांचं लक्ष चुकांकडे गेलं. एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने चुकतात, हे त्यांना दिसलं. म्हणजे मूल कमी विचार करतं असं नाही, ते वेगळ्या तऱ्हेने विचार करतं. 1921 मध्ये ते जिनिव्हाच्या रूसो इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि पुढे जन्मभर मुलांचं बोलणं, खेळणं पाहत राहिले. स्वतःच्या तिन्ही मुलांच्याही त्यांनी बारीक नोंदी ठेवल्या.

त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. तो त्यांनी आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केला. टेबलावर तीन डोंगरांचा देखावा मांडलेला. एकाच्या माथ्यावर बर्फ, एकावर छोटं घर, एकावर क्रूस. मूल एका बाजूला बसायचं, बाहुली दुसऱ्या बाजूला ठेवायची. मग मुलाला वेगवेगळी चित्रं दाखवून विचारायचं, “बाहुलीला तिथून कसं दिसतंय ते दाखव.” चार-पाच वर्षांची बरीच मुलं स्वतःला जसं दिसतंय तेच चित्र उचलायची. त्यांच्या लेखी डोंगर एकच, तर दिसणंही एकच. पलीकडून ते वेगळं दिसू शकतं हे त्यांच्या मनात उतरलेलंच नसतं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हे हळूहळू सुधारत जातं.

मराठीत याला आत्मकेंद्रित विचार म्हणतात. शब्द जरा फसवा आहे, कारण ऐकताच आपल्याला ‘आपमतलबी’ ऐकू येतं. पियाजेंना मात्र तसं म्हणायचं नव्हतं. आपमतलबी माणसाला दुसऱ्याचं दुःख कळतं आणि तरी तो आपलंच बघतो. लहान मुलाला पलीकडे दुसरी खुर्ची आहे, तिथून वेगळं दिसतं, हेच अजून पुरतं कळलेलं नसतं. पहिल्याला शिकवण हवी, दुसऱ्याला वेळ हवा.

आपल्या घरांतच बघा ना. लपाछपीत मूल डोळ्यांवर हात ठेवतं आणि समजतं, मी लपलो. आजीशी फोनवर बोलताना, “जेवलास का?” असं विचारलं की नुसती मान हलवतं. आईला ताप आला तर स्वतःचं फाटक्या कानाचं अस्वल आणून तिच्या उशाशी ठेवतं, कारण त्याला स्वतःला त्यानेच बरं वाटतं. आपण यातल्या लपण्यावर हसतो, अस्वलाचं कौतुक करतो आणि खुर्ची मागितली की स्वार्थी म्हणतो. मागचा विचार तिन्ही ठिकाणी एकच असतो. आमच्या नातवाला अण्णा हवे होते आणि खुर्चीही हवी होती. दोन्ही खरं होतं. तेराव्याला जमलेल्या माणसांना ते ऐकून काय वाटेल, हे त्याला कळण्याचं ते वयच नव्हतं.

पियाजेंनी आणखी एक गोष्ट टिपली. मुलांना चंद्राबद्दल, सूर्याबद्दल विचारलं तर ती सांगत की तो आमच्याबरोबर चालतो, आम्ही निघालो की निघतो. आपण सगळ्यांनीच लहानपणी टांग्यातून किंवा बसमधून हे पाहिलंय. जो चंद्र माझ्यामुळे चालतो असं वाटतं, त्याच हिशेबाने आजारपण, मरण, आईबाबांचं भांडण हेही माझ्यामुळे झालं असं वाटू शकतं. लहान मुलं अशी स्वतःला दोषी धरतात, हे बालमानसशास्त्राचे अभ्यासक नेहमी सांगतात. अशा वेळी मोठ्या माणसाने सहज म्हटलेलं “तू त्रास दिलास म्हणून आजी आजारी पडली” हे वाक्य मूल अक्षरशः खरं धरतं. आपण ते म्हणून विसरतो आणि ओझं त्याच्या डोक्यावर राहतं.

पियाजेंच्या नंतर आलेल्यांनी त्यांचं थोडं खोडूनही काढलं, तेही सांगायला हवं. एडिंबरोच्या मार्टिन ह्यूज यांनी डोंगरांऐवजी एक खेळ मांडला. फुलीच्या आकाराच्या छोट्या भिंती, दोन पोलीस बाहुले आणि एक मुलगा बाहुला. “पोलिसांना दिसणार नाही असं याला लपव.” साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांनी शंभरात नव्वद वेळा बरोबर लपवला! सहकारी मार्गारेट डोनाल्डसन यांनी 1978 च्या आपल्या पुस्तकात हे मांडलं. डोंगराचा देखावा मुलांना परका होता, लपणं मात्र ओळखीचं होतं. ओळखीच्या गोष्टीत मूल दुसऱ्याच्या नजरेने बघू शकतं.

त्याहून गोड प्रयोग 1997 चा, अमेरिकेतल्या बेट्टी रेपाचोली आणि ॲलिसन गॉपनिक यांचा. बाळासमोर दोन वाट्या, एकीत खारी बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. बाळांना अर्थातच बिस्किटं प्रिय. ताई मात्र बिस्किट खाऊन तोंड वाकडं करते आणि ब्रोकोली खाऊन ‘वा!’ म्हणते. मग हात पुढे करून म्हणते, “मला दे.” चौदा महिन्यांची बाळं आपलं आवडतं बिस्किटच द्यायची. अठरा महिन्यांची बाळं तिला ब्रोकोली द्यायची. नीट बोलताही न येणाऱ्या जिवाला एवढं उमगतं की माझी आवड वेगळी आणि हिची वेगळी. म्हणजे करुणेचं बी देवाने घालून पाठवलेलंच आहे. आपलं काम पाणी घालण्याचं. रोप वर आलं का, हे उपटून बघण्याचं नाही.

आता आमच्या घरी पुढे काय झालं ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने नातवाला मांडीवर घेतलं. तिने सांगितलं, “अण्णा खूप म्हातारे झाले होते. त्यांच्या छातीत जंतू गेले. डॉक्टरांनी औषधं दिली, पण त्यांचं शरीर थकलं होतं, ते बंद पडलं. डबा वाजवल्याने कोणी मरत नाही. ‘जा’ म्हटल्यानेही कोणी मरत नाही. तू काहीही केलेलं नाहीस. आणि तू कितीही शांत बसलास तरी अण्णा परत येणार नाहीत, कारण मेलेलं माणूस परत येत नाही. आपल्याला त्यांची आठवण येईल, तेव्हा आपण दोघं मिळून रडू.” अण्णा झोपलेत किंवा गावाला गेलेत असं तिने म्हटलं नाही. नाहीतर मूल झोपायला घाबरतं, नाहीतर वाट बघत राहतं.

त्याने ऐकलं आणि विचारलं, “मोठ्याने वाजवला तरी नाही?” ती म्हणाली, “मोठ्याने वाजवला तरी नाही.” पुढचे चार-पाच दिवस तो हाच प्रश्न परत परत विचारत होता. आम्ही सगळ्यांनी न कंटाळता तेच उत्तर दिलं. आणि आम्ही त्याची माफीही मागितली. तेराव्याला त्याला ओरडलो, ती आमची चूक होती, असं सांगितलं.

हे चाललेलं असताना आमच्या सासूबाई, वय 79, कोपऱ्यात जप करत बसलेल्या असायच्या. एका संध्याकाळी माळ खाली ठेवून त्या म्हणाल्या, “त्याला सांगता ते बरोबरच आहे गं. पण माझं काय? यंदा गुडघ्यामुळे गुरुचरित्राचा सप्ताह राहिला माझा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा राहिला. आणि याच वर्षी हे गेले.”

आम्ही सुन्न झालो. साडेचार वर्षांच्या मुलाच्या आणि 79 वर्षांच्या बाईच्या मनात एकच काटा रुतलेला होता. त्याचा डबा वाजला म्हणून, आणि हिचं पारायण चुकलं म्हणून. तो आवाज बंद करून प्रायश्चित्त करत होता, त्या एकवेळ जेवून करत होत्या. आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं.

बंधू-भगिनींनो, आपण सगळे भक्त आहोत, म्हणून हे स्पष्ट बोललं पाहिजे. गुरुवार मोडला, पारायण राहिलं, दर्शनाला जाणं झालं नाही, म्हणून सद्गुरू आपलं माणूस उचलून नेत नाहीत. जी माऊली आहे ती दुखऱ्या गुडघ्याचा हिशेब ठेवत नाही. सेवा प्रेमाने करायची असते, भीतीने केलेली सेवा ही हप्ते भरल्यासारखी होते. आम्ही सासूबाईंना तेच सांगितलं जे नातवाला सांगितलं होतं. अण्णांचं वय झालं होतं, छातीत संसर्ग झाला होता, तुमच्यामुळे काही झालेलं नाही. त्या बराच वेळ रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जेवल्या.

आणि मग आमच्या लक्षात आलं की तीन डोंगरांचा देखावा मुलांपुरता नाही. आपल्यालाही चंद्र आपल्याचबरोबर चालतो असंच वाटतं. आपल्या मुलीच्या लग्नात पाऊस नको म्हणून आपण प्रार्थना करतो, तेव्हा तिकडे शेतकरी पावसासाठी हात जोडून उभा असतो. मनासारखं झालं तर देव पावला, नाही झालं तर देव कोपला. जगातल्या प्रत्येक घटनेच्या मध्यभागी आपण.

फरक एवढाच की मूल त्या खुर्चीवर बसतं कारण त्याला अजून उठता येत नाही. आपल्याला उठता येतं आणि आपण उठत नाही. मुलाच्या ‘मी’ला अहंकार म्हणणं चूक आहे. अहंकार आपला आहे. त्या तेराव्याच्या दिवशी मूल आपल्या खुर्चीवरून बोललं. आम्हीही आमच्याच खुर्चीवरून बघत होतो, लोक काय म्हणतील एवढंच दिसत होतं. त्या मुलाच्या जागेवरून घर कसं दिसतंय, हे आमच्यापैकी एकीनेही वाकून बघितलं नाही. मग आत्मकेंद्रित कोण ठरलं?

श्रीमद्भागवतात अवधूतांनी चोवीस गुरू सांगितले, त्यात बालकही एक आहे, हे आपल्याला माहीत आहे. मान-अपमानाची फिकीर नसणं हा त्या बालकाचा गुण. आम्ही ते अनेकदा ऐकलं, वर्गात शिकवलंही. पण घरातलं बालक गुरू म्हणून समोर आलं तेव्हा त्याला दंडाला धरून आत नेलं.

सद्गुरूंनी ‘मी’पण सोडा म्हटलं की आपल्याला वाटतं, ते कुठेतरी हिमालयात जाऊन सोडायचं असतं. आम्हाला आता वाटतं, जेवणाच्या टेबलाभोवती चार पावलं चालून समोरच्या खुर्चीवर बसून बघणं, इथूनच त्याची सुरुवात आहे. सासूने सुनेच्या, सुनेने सासूच्या, मुलाने वडिलांच्या. फॅमिली ग्रुपवर रागाने मेसेज टाकण्याआधी तो वाचणाऱ्याच्या जागी बसून एकदा वाचणं, हीसुद्धा साधनाच.

या आठवड्यासाठी परिवाराला तीन विनंत्या.

पहिली. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला ‘स्वार्थी’ म्हणू नये. त्याऐवजी ओळखीच्या गोष्टीतून विचारावं. टेबलावर कासवाचं चित्र ठेवा, मूल एका बाजूला, आजी समोर. “तुला कासव सरळ दिसतंय. आजीला कसं दिसतंय?” तीन वर्षांचं मूल बहुतेक ‘सरळ’ म्हणेल. रागवायचं नाही, त्याला उठवून आजीच्या मांडीवर बसवायचं. ते स्वतः बघेल. आम्ही बालसंस्कार वर्गात आता ‘दुसऱ्याचा विचार कर’ असं भाषण देत नाही, जागा बदलून बसायला लावतो.

दुसरी. घरात आजारपण, मृत्यू किंवा मोठं भांडण झालं असेल, तर मुलाने विचारण्याची वाट बघू नये. आपणहून सांगावं, “हे तुझ्यामुळे झालेलं नाही.” एकदा सांगून पुरत नाही, परत परत सांगावं. मूल अचानक फार शहाणं, फार गप्प झालं तर खूश होण्याआधी जवळ घेऊन विचारावं.

तिसरी. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हेच विचारावं. त्यांच्या मनातही एखादं राहिलेलं पारायण रुतलेलं असू शकतं.

मागच्या रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास आतल्या खोलीतून डब्याचा आवाज आला. आधी हळू, मग जोरात. आम्ही स्वयंपाकघरात होतो, सूनबाई कपडे घड्या करत होती. दोघींचे हात थांबले. सवयीने ‘हळू रे’ म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अण्णांच्या आरामखुर्चीजवळ बसलेल्या सासूबाईंचा आवाज आला, “वाजव रे बाळा, वाजव.”

खुर्ची आता त्याचीच आहे.

सर्वांच्या घरातली लहानथोर मंडळी निर्भय राहोत, हीच सद्गुरूचरणी प्रार्थना.

॥ श्री सद्गुरूचरणार्पणमस्तु ॥ 🙏

– आपल्या, बडोदा बालसंस्कार वर्गाच्या सेविका

(लेख घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावा. जमल्यास लहान मुलांना मांडीवर घेऊन.)